मेला की मारला? फायरफॉक्सचा आधी पंचनामा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तो असा: राळेगाव तालुक्यातलं गाव, ग्रामपंचायतीच्या वाचनालयाला लागून अभ्यासिका, तिथे चार जुने डेस्कटॉप. चारहींवर लिनक्स मिंट, प्रत्येकी ४ जीबी रॅम. पोलीस भरती आणि बँकेच्या परीक्षांची पोरं-पोरी दिवसभर गेस्ट खात्यातून बसतात, प्रश्नपत्रिकांच्या पीडीएफ उतरवतात, फॉर्म भरतात. फॉर्म भरता भरता फायरफॉक्स एकाएकी गायब होतो. मेसेज नाही, काही नाही. सकाळी बरा चालतो, दुपारी तीननंतर त्रास वाढतो, मशीन बंद करून चालू केली की पुन्हा बरा. तीन नंबरची मशीन मात्र सकाळी उघडल्या उघडल्याही दगा देते. फायरफॉक्स दोनदा काढून टाकला, क्रोमियम लावून पाहिलं, तेही पडतं. आणि तालुक्याचा मेकॅनिक म्हणतो, "लिनक्सच भंगार आहे, विंडोज मारून देतो."

विंडोज मारायच्या आधी एवढं वाचा. माझं हिंगणघाटात दुरुस्तीचं दुकान आहे. जिनिंगच्या ऑफिसांपासून आश्रमशाळांपर्यंत असल्या मशीन वीसेक वर्षं हाताखालून जाताहेत. तुमच्याकडे एक नाही, दोन वेगळे आजार आहेत. पहिल्याला पैसे लागणार नाहीत, दुसऱ्याला थोडे लागतील.

गारपिटीनं पीक झोपलं की पंचनामा होईस्तोवर कोणी वावर साफ करत नाही. ब्राउझर पडला की आपण मात्र तो काढतो आणि पुन्हा टाकतो. याने दुखणं जागचं हलत नाही. फायरफॉक्सचं सगळं बिऱ्हाड म्हणजे प्रोफाइल होम फोल्डरमध्ये असतं, प्रोग्राम काढला तरी ते तसंच राहतं. रॅम तेवढीच, डिस्क तीच, ग्राफिक्सचा ड्रायव्हर तोच. घर तेच ठेवून फक्त दारावरची पाटी बदलल्यासारखं आहे ते. क्रोमियमही पडतं, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ. दोन वेगळ्या घराण्यांचे ब्राउझर एकाच मशीनवर पडत असतील तर दोष ब्राउझरच्या बाहेर शोधायचा.

पहिला सवाल असा: फायरफॉक्स स्वतः मेला, की त्याला कोणी मारलं?

स्वतः मेला असेल तर तो सहसा सांगून जातो. मिंटवर येणारा फायरफॉक्स २०२२ पासून मोझिलाचीच मूळ बांधणी आहे, त्यात क्रॅश रिपोर्टर असतो. खरा क्रॅश झाला की एक छोटी खिडकी येते, माफी मागते आणि अहवाल पाठवू का विचारते. पुढे ॲड्रेस बारमध्ये 'अबाउट', कोलन, 'क्रॅशेस' असं टाकलं की तारीखवार यादी दिसते. पण कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या मूळ गाभ्याने, मारलं असेल तर यातलं काहीच होत नाही. कर्नल ९ नंबरचा सिग्नल देतो. तो कोणत्याही प्रोग्रामला अडवता येत नाही आणि मरताना एक अक्षरही बोलायला फुरसत मिळत नाही. खिडकी नाही, अहवाल नाही, यादीत नोंद नाही. मेसेज येत नाही म्हणून तुम्ही वैतागलात, पण मेसेज न येणं हाच इथे पुरावा आहे.

फक्त एक सांभाळा. गेस्ट खातं बाहेर पडताना पुसलं जातं, म्हणून ही यादी पोट्टा लॉगआउट व्हायच्या आत पाहा.

खात्री करायची सोपी रीत सांगतो. कमांड फोनवर सांगतो तशा उच्चाराने लिहितो आहे, टर्मिनलमध्ये त्या इंग्रजीच्या लहान अक्षरांत टाका. टर्मिनल उघडा, 'फायरफॉक्स' टाकून एंटर मारा आणि ती काळी खिडकी मागे उघडीच ठेवा. पोरांना नेहमीसारखं काम करू द्या. ब्राउझर गायब झाला की मागे जाऊन शेवटची ओळ वाचा. मध्ये ग्राफिक्सच्या बारीकसारीक तक्रारींच्या ओळी बऱ्याच दिसतील, त्यांना भ्यायचं नाही, त्या चांगल्या मशीनवरही येतात. शेवटी नुसतं 'किल्ड' असेल तर मारला. 'सेगमेंटेशन फॉल्ट' असेल तर मेला, म्हणजे आपली नसलेली मेमरी चाचपायला गेला आणि पडला. 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' असेल तर प्रोसेसर फार जुना असण्याचा संशय घ्या, क्रोमला २०२१ च्या ८९ व्या आवृत्तीपासून एसएसई३ (प्रोसेसरच्या सूचनांचा एक संच) नसलेला प्रोसेसर चालतच नाही. 'बस एरर' क्वचित दिसते, ती दिसली तर आधी डिस्क आणि सामायिक मेमरीची जागा भरली का ते पाहा.

मारला असेल तर मारणाऱ्याने वहीत लिहून ठेवलेलं असतं. तुमच्या ॲडमिन खात्यात या आणि टाका: सुडो, जागा, जर्नलसीटीएल, जागा, डॅश के. लांबलचक वही उघडेल. कॅपिटल जी दाबून तळाशी जा. मग तिरकी रेघ देऊन इंग्रजीत 'किल्ड' लिहा (इथे पहिलं अक्षर कॅपिटल), एंटर मारा आणि 'एन'ची कळ उलट्या शोधासाठी कॅपिटलमध्ये दाबत वर सरका. मशीन मध्येच बंद केली असेल तर मागच्या वेळची वही पाहायला शेवटी 'डॅश बी', जागा, 'डॅश वन' जोडा.

मागच्या उन्हाळ्यात एका शाळेच्या मशीनवर मी हे केलं तेव्हा समोर आलेली ओळ अशी होती: आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस, पुढे चार आकडी नंबर, आणि कंसात 'आयसोलेटेड वेब को'. मास्तर म्हणाले, "हे कोणतं सॉफ्टवेअर आहे बाप्पा? आम्ही तर टाकलंच नाही." ते फायरफॉक्सचंच पोर. पूर्ण नाव 'आयसोलेटेड वेब कंटेंट', पण कर्नल प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रामच्या, नावाची पंधराच अक्षरं ठेवतो, म्हणून 'को'वर कापलं गेलं. एका साइटच्या टॅबचा कारभार पाहणारी ती प्रोसेस. ब्राउझर मुद्दाम अशा पोरांच्या कपाळावर खूण करून ठेवतो, की मेमरी संपली तर आधी यांना घ्या, मला राहू द्या. म्हणून पुष्कळदा आधी फक्त टॅब मरतो आणि 'टॅब क्रॅश झाला'चं पान दिसतं. टंचाई फारच वाढली की मुख्य प्रोसेसचा नंबर लागतो आणि सगळं बिऱ्हाडच उठतं.

ही पोरांची फौज जुन्या फायरफॉक्समध्ये नव्हती. २०१८ मध्ये प्रोसेसरमधली स्पेक्टर नावाची खोट उघडकीला आली आणि एका साइटने दुसरीची मेमरी वाचण्याची भीती खरी ठरली. त्यावर उपाय म्हणून २०२१ च्या अखेरीपासून फायरफॉक्सने प्रत्येक साइटला वेगळी प्रोसेस द्यायला सुरुवात केली. बँकेचं पान आणि जाहिरातीचं पान एकाच खोलीत राहात नाहीत, हे चांगलंच झालं. पण खोल्या वाढल्या तशी जागाही जास्त लागते. २०१५ साली ४ जीबीत आरामात चालणारी मशीन आज का धापा टाकते, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. जुन्या व्हिडिओंत 'कंटेंट प्रोसेस लिमिट कमी करा' असं सांगतात. ती सेटिंग या बदलानंतर गेली, शोधत बसू नका.

आता तुमच्या दुपारी तीनच्या गोष्टीकडे येतो.

सकाळी बरं, दुपारी खराब, रीस्टार्टनंतर पुन्हा बरं. म्हणजे दिवसभर काहीतरी साचतंय आणि बंद केल्यावर ओसरतंय. फायरफॉक्स स्वतः थोडा सुटतोच, पण चारही मशीनवर घड्याळ लावल्यासारखं व्हायला दुसरं कारण हवं, आणि ते तुम्ही सहज लिहून गेलात: पोरं गेस्ट खात्यातून बसतात. गेस्ट खात्याचं होम फोल्डर डिस्कवर नसतं. ते टीएमपीएफएसवर उभारलं जातं, म्हणजे रॅममध्येच कापडी तंबू ठोकल्यासारखं. लॉगआउट झालं की तंबू उचलला, मागे काही राहात नाही, म्हणून तर ते सुरक्षित. पण तोवर त्यात ठेवलेली प्रत्येक वस्तू रॅम खाते. पोरांनी उतरवलेली प्रश्नपत्रिका रॅममध्ये. दोनशे पानांचं चालू घडामोडींचं पुस्तक रॅममध्ये. फायरफॉक्सचं प्रोफाइल आणि त्याची कॅश, जी डिस्कवर जायला पाहिजे, तीही रॅममध्ये. कोणी परेडचे व्हिडिओ उतरवून ठेवले असतील तर विचारूच नका. टीएमपीएफएस ठरलेल्या मर्यादेप्रमाणे अर्ध्या रॅमपर्यंत फुगू शकतो. तुमच्या मशीनवर म्हणजे जवळजवळ २ जीबी. उरलेल्या २ जीबीत सिनॅमन डेस्कटॉप (मिंटचा पडदा, मेनू, खिडक्या सांभाळणारा भाग), फायरफॉक्स आणि त्याची डझनभर पोरं.

माझ्या शब्दावर जाऊ नका, पाहून घ्या. दुपारी त्रास सुरू झाल्यावर गेस्ट खात्यातच टर्मिनल उघडून 'डीएफ', जागा, 'डॅश एच' टाका. यादीत गेस्टच्या फोल्डरच्या ओळीत 'यूज्ड'खाली शेकड्यांनी एमबी किंवा दीड-दोन जीबी दिसले, तर चोर सापडला. त्याच दमात 'फ्री', जागा, 'डॅश एच' टाका. इथे एक नेहमीची चूक होते. लोक 'फ्री' नावाचा रकाना पाहतात आणि घाबरतात. लिनक्स रिकामी रॅम पडीक ठेवत नाही, डिस्कवरचं वाचलेलं त्यात साठवून ठेवतो आणि लागली की सोडून देतो. पाहायचा तो 'अव्हेलेबल'चा शेवटचा रकाना. तो दोनशे एमबीच्या खाली आणि स्वॅप भरलेला असेल तर कर्नल सुरी परजूनच बसला आहे.

स्वॅप म्हणजे रॅम कमी पडल्यावर डिस्कवर उसनी घेतलेली जागा. मिंट बसवताना स्वॅपफाईल आपोआप तयार होते, पण ती लहान असते, आणि कोणी 'एसएसडी खराब होते' या समजाने बंद केलेली मी पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे. बंद करू नका.

इलाज माझ्या पसंतीच्या क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी गेस्ट खातं बंद करा आणि 'विद्यार्थी' नावाचं साधं खातं काढा, ॲडमिनचे अधिकार न देता. त्याचं होम डिस्कवर असेल, एवढ्याने अर्धं दुखणं जाईल. पण गेस्ट खातं कोणीतरी शहाणपणानेच लावलं होतं, हे विसरू नका. एका पोरीचं आधार कार्ड आणि मार्कशीट उतरवलेली तशीच राहिली आणि पुढचा पोट्टा बसला, तर ते बरं नाही. म्हणून त्या खात्यातल्या फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीत जाऊन 'बंद करताना कुकी आणि साइट डेटा पुसा'वर खूण करा, पासवर्ड साठवणं बंद करा, आणि डाउनलोड फोल्डर रोज संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी स्वतः रिकामं करा. स्क्रिप्ट लिहूनही होतं, पण मी माणसाच्या सवयीवर जास्त विश्वास ठेवतो. स्क्रिप्ट बिघडली तर कोणाला कळतही नाही.

नंतर झेडरॅम. रॅमचाच एक भाग घेऊन त्यात माल दाबून भरायचा, गाठी बांधतात तसा. सुटा कापूस खोलीभर होतो, प्रेसमधून निघालेली गाठ कोपऱ्यात मावते. ब्राउझरचा डेटा दोन-अडीच पटीने सहज दबतो. 'झेडरॅम डॅश टूल्स' हे पॅकेज ॲप्ट इन्स्टॉलने टाका. मग ईटीसी, त्यात डिफॉल्ट, त्यात 'झेडरॅमस्वॅप' ही फाईल सुडोने उघडून 'पर्सेंट'च्या ओळीपुढची जाळीची खूण काढा, आकडा ५० ठेवा, आणि मशीन रीस्टार्ट करा. 'स्वॅपऑन', जागा, दोन डॅश 'शो' टाकल्यावर यादीत झेडरॅम दिसलं पाहिजे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर याचा फरक सगळ्यात जास्त जाणवतो, कारण तिथे डिस्कवरचा स्वॅप म्हणजे बैलगाडीने पाणी आणणं. सोबत डिस्कवरची स्वॅपफाईल ४ जीबीची करा. मशीन नुकती चालू केली असताना स्वॅपऑफ करा, जुनी फाईल काढा, त्याच नावाची नवी फॅलोकेटने करा, परवानगी ६०० द्या, एमकेस्वॅप, मग स्वॅपऑन. नाव तेच ठेवलं की एफएसटॅबला, म्हणजे डिस्कांची यादी असलेल्या फाईलला, हात लावावा लागत नाही.

पोरांना एक पान दाखवून ठेवा: 'अबाउट', कोलन, 'प्रोसेसेस'. कोणता टॅब किती रॅम खातो ते तिथे समोर दिसतं आणि शेजारच्या फुलीने तेवढाच मारता येतो. 'अबाउट', कोलन, 'अनलोड्स' वर टॅब न बंद करता मेमरीतून उतरवता येतात. सप्टेंबर २०२२ च्या १०५ व्या आवृत्तीपासून लिनक्सवर मेमरी कमी पडली की तगून राहण्याचं फायरफॉक्सचं कसब सुधारलं आहे, म्हणून अपडेट अडवू नका. आणि एक चांगलं ॲडब्लॉकर टाका. एक ॲड-ऑन वाढलं तरी जाहिराती गेल्याने एकूण मेमरी वाचतेच. उलट 'व्हिडिओ डाउनलोडर' जातीची जेवढी ॲड-ऑन असतील तेवढी काढा.

एवढं करून तीन मशीन ठीक चालतील असं मला वाटतं. पैसे असतील तर रॅम ८ जीबी करा, त्याला तोड नाही. पण दुकानात जाताना जुनी पट्टी काढून सोबत न्या. डीडीआर२, डीडीआर३, डीडीआर४ यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, एकीची दुसरीत बसत नाही. एका मास्तरने जोर लावून बसवली होती, तो मदरबोर्ड आजही माझ्या दुकानात खिळ्याला टांगलेला आहे.

तीन नंबर.

सकाळी, रिकाम्या मेमरीवर, पहिल्याच टॅबला पडणारी मशीन हे वेगळं प्रकरण आहे. तिची वही पाहिली तर मला वाटतं 'आउट ऑफ मेमरी' मिळणार नाही, 'सेगफॉल्ट' मिळेल, आणि शेजारी 'लिबएक्सयूएल' लिहिलेलं असेल. ते फायरफॉक्सचं मुख्य इंजिन. इथे क्रॅशची यादी उपयोगी पडते. चार-पाच अहवाल उघडून पाहा. दर वेळी एकाच जागी पडत असेल तर ते सॉफ्टवेअरचं दुखणं, एखादं ॲड-ऑन, ड्रायव्हर किंवा फायरफॉक्समधलीच चूक. दर वेळी वेगळ्याच जागी पडत असेल, आज चित्र काढताना, उद्या पान वाचताना, परवा नुसतं बसलेलं असताना, तर मी ब्राउझर सोडून रॅमच्या पट्टीकडे पाहतो. अशा मशीनवर कधीमधी लिब्रेऑफिसही पडतं, उतरवलेली झिप फाईल खराब निघते, अपडेट करताना चेकसम (फाईल नीट उतरली का याचा पडताळणीचा आकडा) जुळत नाही म्हणून तक्रार येते. असं काही आठवतंय का ते पोरांना विचारा. ब्राउझर सगळ्यात जास्त रॅम वापरतो म्हणून सडलेल्या फळीवर पाय त्याचाच आधी पडतो. फळी सगळ्यांसाठीच सडलेली असते.

एका जिनिंगच्या ऑफिसात अशीच मशीन होती. कापसाच्या सीझनमध्ये, नोव्हेंबरात. दोघांनी आधी पाहून ब्राउझर, मग अख्खी सिस्टिम नव्याने टाकली होती. मी कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसरच्या पंख्याखाली सरकीच्या केसांची बोटभर जाड गादी, वर धुळीचा थर, सगळं एकजीव. उपटली तर सबंध तुकडा हातात आला. ती काढल्यावर मशीन थंड झाली, पण ब्राउझर पडायचा थांबला नाही. मग रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्राम, लावली. पहिला फेरा स्वच्छ गेला. मालक म्हणाले, "झालं ना? मेमरी चांगली आहे." मी म्हटलं राहू द्या सकाळपर्यंत. सकाळी पडद्यावर लाल ओळी होत्या. दोन पट्ट्यांपैकी एकच खराब निघाली. ती काढली आणि मशीन अर्ध्या रॅमवर नीट चालू लागली.

तुम्हीही हेच करा. मिंटच्या पेनड्राइव्हवरून बूट करताना मेनूत मेमरी टेस्ट मिळते. नसेल तर मेमटेस्ट८६प्लस पॅकेज टाकून मशीन चालू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून धरा, बूटच्या यादीत ते दिसेल. संध्याकाळी लावा, सकाळी पाहा. एकही चूक दिसली तरी पट्टी खराब समजा, 'एवढीशीच तर आहे' हा हिशोब रॅमला लागू नाही. मात्र फेकायच्या आधी वायर काढून, पट्टी उपसून, तिचे सोनेरी दात साध्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासा, चुरा झटका, दुसऱ्या खोबणीत बसवा आणि पुन्हा तपासा. आपल्याकडे याने बऱ्याच पट्ट्या उठून बसतात.

त्याचं कारण कूलर. विदर्भात नवतपा आला की खिडकीत कूलर लागतो आणि कॉम्प्युटर तापतो म्हणून लोक कूलरचा झोत त्याच्याकडेच वळवतात. ती ओली हवा. वाळ्याच्या ताटीचं पाणी खारं असेल तर आणखीच वाईट. दातांवर बारीक गंज चढतो आणि पावसाळ्यात मशीन खुळ्यासारखी वागायला लागते. तीन नंबरची मशीन कूलरसमोर आहे का, हे मला तुमच्या पत्रात दिसलं नाही, पण मी असतो तर आधी तेच पाहिलं असतं. नुसत्या उष्णतेने ब्राउझर सहसा पडत नाही. प्रोसेसर तापला की आधी हळू होतो आणि फारच तापला तर अख्खी मशीन धाडकन बंद होते. पण काठावरची रॅम ४५ अंशाच्या दुपारी काठ सोडते, हे मात्र खरं.

मेमटेस्ट रात्रभर स्वच्छ गेली तर ग्राफिक्सकडे वळा. सेटिंग, जनरल, परफॉर्मन्स, तिथली 'शिफारस केलेल्या सेटिंग वापरा'ची खूण काढली की खाली 'हार्डवेअर ॲक्सिलरेशन' दिसेल. तीही खूण काढा, फायरफॉक्स बंद करून उघडा. पडणं थांबलं तर दोष ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा. एनव्हिडियाचं जुनं कार्ड असेल तर मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून दुसरा ड्रायव्हर लावून पाहा, किंवा कार्ड काढून बोर्डवरच्या ग्राफिक्सवर चालवा. अभ्यासिकेला कार्डाची गरजच काय?

प्रोफाइल बिघडलंय का हे पाहायला हेल्प मेनूत ट्रबलशूट मोड आहे, त्यात ॲड-ऑन बंद ठेवून फायरफॉक्स उघडतो. तुमच्याकडे गेस्ट खात्यामुळे प्रोफाइल रोज नवंच होतं, म्हणून याची शक्यता मी जवळजवळ सोडून देतो. पुढे कायम खातं केल्यावर मात्र लक्षात ठेवा. लाइट गेली, यूपीएसची बॅटरी मेलेली, असं आठवड्यातून चारदा झालं की प्रोफाइलमधला डेटाबेस बिघडू शकतो. 'अबाउट', कोलन, 'सपोर्ट' या पानावर खाली प्लेसेस डेटाबेस तपासायचं बटण आहे, तिथून सुरुवात करा.

आणखी दोन गोष्टी घाईत. 'यूनेम', जागा, 'डॅश एम' टाका. उत्तर 'आय ६८६' आलं तर सिस्टिम ३२ बिटची आहे. ३२ बिट लिनक्ससाठी फायरफॉक्सची १४४ ही शेवटची नेहमीची आवृत्ती, २०२५ नंतर ती वाट बंद झाली, क्रोमने तर २०१६ मध्येच बंद केली. प्रोसेसर ६४ बिटचा असेल तर ६४ बिटचं मिंट, तेही सिनॅमनऐवजी हलक्या एक्सएफसीई डेस्कटॉपचं, टाका. आणि 'डीएफ डॅश एच' मध्ये मुख्य डिस्क शंभर टक्के भरलेली दिसली तर आधी टाइमशिफ्ट उघडा. तो जुन्या प्रती त्याच डिस्कवर साठवत जातो आणि १२० जीबीची एसएसडी गुपचूप भरून टाकतो. दोन प्रती ठेवा, बाकीच्या पुसा. कोणी 'फायरफॉक्स मध्येच रीस्टार्ट कर म्हणतो' अशी तक्रार केली तर तो क्रॅश नाही. मागे अपडेट झालं आणि जुना-नवा माल जुळत नाही म्हणून तो थांबलेला असतो. अपडेट सकाळी पोरं यायच्या आत करत जा.

मेकॅनिकला बोलावलंच तर त्याच्या हातून एक काम करून घ्या: कॅबिनेटला अर्थिंग आहे का ते टेस्टरने बघायला सांगा. ग्रामपंचायतींच्या जुन्या इमारतींत तीन पिनचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या पिनेला वायरच नसते. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर पोरं बसायच्या आधी ते दुरुस्त करा, ब्राउझर नंतर.

आज संध्याकाळी तीन नंबरला मेमटेस्ट लावून घरी जा, आणि उद्या दुपारी तीनला एक नंबरच्या गेस्ट खात्यातून त्या दोन कमांड चालवून पडद्याचा फोटो काढून ठेवा. गेस्टच्या फोल्डरच्या ओळीतला आकडा आणि मेमटेस्टच्या चुकांचा आकडा, एवढे दोन मला कळवा.